शेळीच्या रक्तात औषध किती? एचपीएलसीवर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

तासगाव-कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागायतदाराला ‘रेसिड्यू’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. २०१० साली क्लोरमेक्वॅट या वाढ-नियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, आणि फवारणीची नोंद, पीएचआयचे (फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे) दिवस, प्रयोगशाळेचा अहवाल ही त्याच्या हंगामाचीच कामं होऊन बसली. पण त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यात दगडी (कासदाह) झालेल्या म्हशीला दिलेलं इंजेक्शन दुधात किती दिवस उतरत राहतं, हा प्रश्न फारच कमी वेळा विचारला जातो. त्याचं उत्तर मोजूनच मिळतं. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी एम.व्ही.एस्सी.साठी आलेल्यांनी, किंवा कराड-सांगलीहून बी.एस्सी. करून प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्यांनी हे मोजमाप कसं सुरू करावं, यासाठी हा लेख आहे. मोजायचं यंत्र म्हणजे एचपीएलसी: दाबाखाली वाहणाऱ्या द्रवात (मोबाइल फेज) नमुना सोडायचा, बारीक कण भरलेल्या नळीत (कॉलम) त्यातले पदार्थ वेगळे होतात, आणि डिटेक्टर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदार्थाचं एक शिखर, म्हणजे ‘पीक’, आलेखावर (क्रोमॅटोग्राम) काढतो.

औषधाचा अंश ही नुसती कागदावरची बाब नाही. गिधाडं का मरताहेत याचा छडा २००४ साली लागला तो मेलेल्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मोजूनच. उपचार झालेलं जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं आणि मांसातला तेवढा अंश त्यांना पुरला. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, त्यामागे अशीच मोजमापं होती.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. नवीन मुलांचं सगळं लक्ष यंत्राकडे असतं. यंत्र तर इमानदारीने त्याच्यात टाकलेलंच मोजतं. आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा त्याआधी: गोठ्यात, सुईत, थर्माकोलच्या डब्यात, पिपेटच्या टोकाशी. म्हणून या लेखात यंत्राला कमी जागा दिली आहे आणि नमुन्याला जास्त.

कोणतं औषध, आणि नक्की काय मोजायचं

उदाहरणासाठी एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक घेऊ. आपल्याकडे शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी, कोंबड्या सगळ्यांत ते वापरलं जातं, स्वतःच्या प्रकाशदीप्तीमुळे फ्लुओरोसन्स डिटेक्टरवर छान दिसतं, आणि एक महत्त्वाचा धडाही देतं. जनावराच्या यकृतात त्याचा एक इथाइल गट निघतो आणि सिप्रोफ्लॉक्सासिन तयार होतं. तेही जंतुनाशकच. म्हणून युरोपीय नियमात मर्यादा दोघांच्या बेरजेवर आहे: शेळी, मेंढी आणि गाय-म्हैस या गटासाठी स्नायू, चरबी आणि दूध यांत किलोला १०० मायक्रोग्रॅम, मूत्रपिंडात २००, यकृतात ३००. एकट्या एन्रोफ्लॉक्सासिनचं पीक मोजून अहवाल दिला तर तो चुकीचाच. तेव्हा काम हाती घेतल्यावर पहिला प्रश्न हाच असू द्या: या औषधाचं जनावराच्या शरीरात काय होतं आणि मर्यादा कशावर ठरवली आहे?

जिवंत जनावराला औषध देऊन नमुने घ्यायचे असतील तर संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधी हवी. किती जनावरं, किती वेळा रक्त, एकूण किती मिली, हे सगळं त्या अर्जात आलं पाहिजे.

रक्त घेताना

शेळीचं रक्त मानेच्या शिरेतून घेतात. औषध शिरेतून दिलं असेल तर ज्या बाजूला दिलं त्या बाजूने रक्त घेऊ नका. शिरेच्या भिंतीला किंवा कॅथेटरला चिकटलेलं थोडंसं औषधही पहिल्या काही नमुन्यांचे आकडे खोटे फुगवतं.

शून्य वेळेचा नमुना, म्हणजे औषध देण्यापूर्वीचा, प्रत्येक जनावराचा घ्याच. बाजारातून आणलेल्या शेळीला मागच्या आठवड्यात कोणी काय टोचलं हे तुम्हाला माहीत नसतं. पुढच्या वेळा औषधाप्रमाणे ठरतात. शिरेतून दिलेल्या एन्रोफ्लॉक्सासिनसाठी ५, १५, ३० मिनिटं, मग १, २, ४, ८, १२, २४ तास ही मांडणी सुरुवातीला चालते. शेळी उधळली आणि १५व्या मिनिटाचं रक्त १९व्या मिनिटाला निघालं, तर वहीत १९ लिहा. गणित खऱ्या वेळेवर करता येतं. ठरलेल्या वेळेवर ओढून बसवलेला आकडा पुढे कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

हेपरिनच्या नळ्या वापरा, आणि एकदा ठरलं की शेवटपर्यंत त्याच. स्टँडर्ड (माहीत प्रमाणात औषध घातलेले तुलनेचे नमुने) बनवायला लागणारा कोरा, म्हणजे औषध नसलेला, प्लाझ्माही त्याच प्रकारच्या नळीतला असावा. सिरिंजमधून नळीत रक्त सोडताना सुई काढून टाका आणि धार नळीच्या कडेने सोडा. बारीक सुईतून जोरात ढकललं की तांबड्या पेशी फुटतात, प्लाझ्मा गुलाबी होतो आणि पुढे क्रोमॅटोग्रामवर नको ती पिकं उगवतात. नळी आठ-दहा वेळा अलगद उलटीपालटी करायची, हलवून खळखळवायची नाही.

तासाभरात प्लाझ्मा वेगळा करा. सेंट्रिफ्यूजचा वेग नुसता आरपीएममध्ये लिहून ठेवू नका. रोटर बदलला की तोच आरपीएम वेगळा जोर देतो, त्यामुळे ‘इतके जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर), इतकी मिनिटं’ अशी नोंद करा. प्लाझ्मा दोन छोट्या पॉलिप्रोपिलीन नळ्यांत विभागून ठेवा, एक कामाला आणि एक राखीव. एन्रोफ्लॉक्सासिनसारखी फ्लुओरोक्विनोलोन गटातली औषधं उजेडाने खराब होतात. नळ्या फॉइलमध्ये गुंडाळा किंवा गडद रंगाच्या घ्या.

माण-खटावकडे, जतकडे उन्हाळ्यात काम असेल तर बर्फाची सोय आदल्या दिवशीच लावा. एप्रिलच्या दुपारी बंद जीपमध्ये ठेवलेला नमुना आणि जेल पॅकमध्ये ठेवलेला नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सारखे राहतीलच असं धरून चालता येत नाही. एकदा कोऱ्या प्लाझ्मात माहीत असलेलं औषध टाकून तो नमुना खोलीच्या तापमानाला, बर्फावर आणि फ्रीजरमध्ये ठरावीक काळ ठेवा आणि मोजून पाहा. यालाच स्थिरतेची चाचणी म्हणतात. निदान तीन वेळा गोठवून-वितळवूनही ती करायची, कारण आपल्याकडे वीज जाते. महावितरणच्या देखभालीच्या दिवशी फ्रीजर बॅकअपवर आहे ना, हे पाहणं हेही मोजमापाचंच काम आहे. फ्रीजरमध्ये तापमान नोंदवणारा लॉगर ठेवा.

मांस, यकृत, मूत्रपिंड

ऊती घेताना सगळ्यात मोठी चूक होते ती सुरीची. इंजेक्शन दिलेल्या जागेच्या स्नायूत औषधाचा साठा दिवसचे दिवस राहू शकतो. ती जागा कापलेली सुरी तशीच दुसऱ्या मांडीच्या मांसाला लावली तर निकाल बिघडलाच. कमी अंशाचे नमुने आधी कापायचे: दूरचा स्नायू आणि चरबी, मग यकृत आणि मूत्रपिंड, आणि इंजेक्शनची जागा सगळ्यात शेवटी. दर वेळी सुरी धुऊन घ्या, शक्य असेल तर ब्लेडच बदला. इंजेक्शनच्या जागेचा नमुना टाळू नका. तोही कोणाच्या तरी रश्श्यात जातोच.

खाटकाकडून नमुने घेत असाल तर वर्तमानपत्रात बांधून आणू नका. स्वच्छ झिपची पिशवी, वर तारीख, जनावर, अवयव, आणि लगेच बर्फ. जनावराच्या उपचाराचा इतिहास मिळाला तर लिहून घ्या, नाही मिळाला तर ‘माहिती नाही’ असं लिहा.

यकृत अर्धवट गोठलेलं असतानाच बारीक करा. पूर्ण वितळलं की त्याचा लगदा होतो, रक्त सुटतं आणि प्रत्येक चमच्यात वेगळं प्रमाण येतं. सगळा तुकडा आधी एकजीव करायचा, मग त्यातले २ ग्रॅम वजन करून घ्यायचे. एका टोकाचे २ ग्रॅम कापून घेतले तर तो आकडा त्या टोकाचा होतो, अवयवाचा नाही.

स्टँडर्ड तोलताना

इथे मुलं हमखास फसतात, म्हणून थोडं थांबतो. सिप्रोफ्लॉक्सासिनचं स्टँडर्ड बहुधा हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेट या रूपात मिळतं. त्याचं रेणुभार ३८५.८, आणि नुसत्या सिप्रोफ्लॉक्सासिनचं ३३१.३. म्हणजे तुम्ही १० मिलिग्रॅम पावडर तोललीत तर त्यात खरं सिप्रोफ्लॉक्सासिन ८.५९ मिलिग्रॅमच आहे. १० मिलिग्रॅम हवं असेल तर ११.६४ तोलायला हवं, आणि बाटलीवरच्या प्रमाणपत्रात शुद्धता ९९ टक्के असेल तर त्याहून किंचित जास्त. हे विसरलं तर तुमचा प्रत्येक निकाल सोळा टक्क्यांनी जास्त येतो. अहवाल दिसायला सुबक, रेघ सरळ, क्यूसीही (पद्धत तपासायला मुद्दाम बनवलेले, माहीत प्रमाणाचे नमुने) बरोबर, कारण क्यूसीही त्याच चुकलेल्या द्रावणातून बनलेले असतात. म्हणून कॅलिब्रेशनचं (ज्या स्टँडर्डवरून मोजमापाची रेघ बसवतात त्यांचं) आणि क्यूसीचं मूळ द्रावण दोन वेगळ्या वेळी तोलून बनवा आणि एकमेकांशी ताडून पाहा.

एन्रोफ्लॉक्सासिन साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. थोडं आम्ल किंवा थोडा अल्कली दिला की लगेच विरघळतं. मूळ द्रावण गडद बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवा आणि बाटलीवर बनवल्याची तारीख लिहा.

औषध बाहेर काढणं

प्लाझ्मासाठी सोपी रीत अशी: २०० मायक्रोलिटर प्लाझ्मात आधी इंटर्नल स्टँडर्ड घालायचं, म्हणजे प्रत्येक नमुन्यात सारख्याच मापाने पडणारं तुलनेचं औषध. नॉरफ्लॉक्सासिनसारखं त्याच घराण्यातलं पण या जनावराला न दिलेलं औषध त्यासाठी चालतं. मग थंड ॲसिटोनायट्राइल ४०० ते ६०० मायक्रोलिटर. व्होर्टेक्सवर मिनिटभर चांगलं फिरवायचं. प्रथिनं पांढरी होऊन फुटतात. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं फिरवून वरचं स्वच्छ द्रव काढून घ्यायचं.

हे द्रव तसंच यंत्रात सोडू नका. त्यात दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त ॲसिटोनायट्राइल आहे आणि तुमच्या मोबाइल फेजमध्ये जेमतेम १५ ते २० टक्के. इतकं तीव्र द्रावण कॉलमच्या तोंडाशी गेलं की औषध एका जागी न थांबता पसरत जातं आणि पीक पुढून रुंद किंवा दुभंगलेलं येतं. नवे लोक मग कॉलम खराब झाला म्हणून नवा मागवतात. द्रव नायट्रोजनच्या झोताखाली वाळवून मोबाइल फेजमध्ये पुन्हा विरघळवा, किंवा आम्लयुक्त पाण्याने तीन-चार पट पातळ करा. फ्लुओरोसन्सची क्षमता पातळ नमुन्यालाही पुरते.

ऊतींसाठी २ ग्रॅम नमुन्यात १० मिली आम्लयुक्त ॲसिटोनायट्राइल घालून होमोजिनाइझ करा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रव हेक्झेनने धुऊन चरबी काढून टाका. मग त्यातलं ५ मिली वाळवून अर्ध्या मिली मोबाइल फेजमध्ये घ्या. हिशेब करून बघा: १० पैकी ५ मिली म्हणजे १ ग्रॅम ऊतीतलं औषध अर्ध्या मिलीत आलं. यंत्राने ६० नॅनोग्रॅम प्रति मिली दाखवलं तर अर्ध्या मिलीत ३० नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमला ३० नॅनोग्रॅम, म्हणजेच किलोला ३० मायक्रोग्रॅम. त्यावर रिकव्हरीचा, म्हणजे काढताना किती टक्के औषध हाती लागलं याचा, विचार वेगळा. स्टँडर्डच कोऱ्या यकृतात घालून याच सगळ्या पायऱ्यांतून नेलेले असतील तर उत्तर थेट मिळतं आणि रिकव्हरीने पुन्हा भागायचं नसतं. दोन्ही केलं की दुरुस्ती दुप्पट होते.

सिरिंज फिल्टर औषध धरून ठेवतो का, हे एकदा तपासा: तेच द्रावण गाळून आणि न गाळता मोजा. ऑक्सिटेट्रासायक्लिनवर काम असेल तर ही रीत चालणार नाही. टेट्रासायक्लिन धातूंना धरतात, तिथे मॅकल्व्हेन बफर आणि ईडीटीए लागतं.

ॲसिटोनायट्राइल विषारी आहे. काम फ्यूम हूडमध्ये करा, उरलेलं वेगळ्या कॅनमध्ये साठवा, बेसिनमध्ये ओतू नका.

यंत्र

सी-१८ कॉलम, २५० मिलिमीटर लांब, ४.६ मिलिमीटर व्यासाचा, ५ मायक्रॉन कणांचा. त्यापुढे गार्ड कॉलम, कारण यकृताचा अर्क कितीही स्वच्छ दिसला तरी घाण घेऊन येतो. मोबाइल फेज: पाण्यात फॉस्फोरिक आम्ल, ट्रायइथाइलअमाइनने पीएच ३ वर आणलेलं, आणि ॲसिटोनायट्राइल, सुरुवातीला साधारण ८०ला २०. पीएच ॲसिटोनायट्राइल मिसळण्यापूर्वी बघायचा. ट्रायइथाइलअमाइन नसेल तर सिलिकाच्या उघड्या जागा औषधाला धरतात आणि पीकला लांब शेपूट येतं. ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, हवा काढा. प्रवाह मिनिटाला १ मिली. डिटेक्टर: उत्तेजन २८०, उत्सर्जन ४५० नॅनोमीटर. आधी सिप्रोफ्लॉक्सासिन येतं, नंतर एन्रोफ्लॉक्सासिन.

पाणी खरोखर शुद्ध हवं, १८.२ मेगाओहम प्रतिरोधाचं. ऑफिसात येतो तो आरओचा जार यासाठी नाही. कॉलम ओव्हन ३० किंवा ३५ अंशांवर ठेवा, नाहीतर डिसेंबरमध्ये सकाळी आणि मे महिन्यात दुपारी रिटेन्शन टाइम (पीक येण्याच्या वेळा) वेगवेगळे येतात. दिवा सुरू करून निदान अर्धा तास बेसलाइन स्थिर होऊ द्या. पंप, डिटेक्टर आणि संगणक तिन्ही यूपीएसवर हवेत, नुसता संगणक नव्हे.

पद्धत खरी आहे का, हे दाखवणं

औषध मोजण्याच्या पद्धती पडताळण्यासाठीची, २०२२ मध्ये स्वीकारलेली आयसीएच एम-१० ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. त्यातलं मुख्य असं: किमान सहा वेगवेगळ्या जनावरांचा कोरा प्लाझ्मा घेऊन औषधाच्या जागी दुसरं काही येत नाही हे दाखवायचं. कॅलिब्रेशनला निदान सहा पातळ्या. मोजलेलं मूल्य खऱ्या मूल्याच्या १५ टक्क्यांच्या आत, सर्वांत खालच्या पातळीला २० टक्के. तोच नमुना पुन्हा पुन्हा मोजल्यावर आकड्यांत पडणारा फरकही (सीव्ही) याच टक्क्यांच्या आत. सगळ्यात वरच्या स्टँडर्डनंतर कोरा नमुना चालवला तर मागचा अंश मोजता येणाऱ्या सर्वांत खालच्या पातळीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त दिसता कामा नये.

‘आर वर्ग ०.९९९ आला’ (बिंदू रेघेवर किती नीट बसले त्याचा आकडा) म्हणून खूश होणारे बरेच भेटतात. १० ते २००० नॅनोग्रॅमची रेघ साध्या पद्धतीने बसवली की ती वरच्या दोन-तीन बिंदूंच्या मर्जीने चालते. तिथला थोडासा फरकही खालच्या टोकाला जड जातो. आर वर्ग ०.९९९ असतानाही १०चं स्टँडर्ड २५ वाचलं जाऊ शकतं, कधी उणे आकडाही येतो. आणि तुमचा खरा प्रश्न, ‘औषध शरीरातून कधी गेलं?’, तो नेमका त्याच टोकाला असतो. म्हणून एक भागिले एक्स वर्ग असं वजन देऊन रेघ बसवा, आणि प्रत्येक स्टँडर्ड परत त्या रेघेवरून काढून बघा. दर चार स्टँडर्डपैकी किमान तीन वर दिलेल्या टक्क्यांत आले पाहिजेत.

रोजच्या बॅचचा क्रम: कोरा, मग इंटर्नल स्टँडर्डसह कोरा, स्टँडर्ड, क्यूसी, नमुने, मध्ये आणि शेवटी पुन्हा क्यूसी. क्यूसीपैकी दोन तृतीयांश आणि प्रत्येक पातळीचे निम्मे बरोबर आले नाहीत तर अख्खी बॅच परत करायची. आवडता नमुना चांगला आला म्हणून तेवढाच ठेवता येत नाही. काही खरे नमुने दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. त्यातले दोन तृतीयांश तरी पहिल्या आकड्यापासून २० टक्क्यांच्या आत हवेत. कोऱ्या प्लाझ्मात बाहेरून टाकलेलं औषध आणि जनावराच्या शरीरातून फिरून आलेलं औषध दर वेळी सारखं वागत नाही, हे इथेच कळतं.

पीक हाताने ओढून क्षेत्रफळ बदललंत तर का बदललं ते लिहा आणि मूळ फाइल ठेवा.

दिवस संपल्यावर कॉलम बफरमध्ये सोडून घरी जायचं नाही. आधी ९० टक्के पाणी असलेल्या मिश्रणाने अर्धा तास धुवा, मग ॲसिटोनायट्राइल वाढवत न्या. थेट शुद्ध ॲसिटोनायट्राइल सोडलं तर फॉस्फेटचे क्षार कॉलममध्ये बसतात आणि दाब चढतो.

आकडा हातात आल्यावर

मोजता येणाऱ्या खालच्या पातळीपेक्षा कमी आलेल्या नमुन्यापुढे शून्य लिहू नका. ‘१० नॅनोग्रॅम प्रति मिलीपेक्षा कमी’ असं लिहा. अर्धायुष्य काढताना उतरत्या भागात निदान तीन बिंदू हवेत. दोन बिंदूंतून रेघ नेहमीच जाते.

आणि शेतकरी विचारणार, ‘सर, मग किती दिवसांनी दूध घालू डेअरीला?’ सहा शेळ्यांच्या रक्तावरून याचं उत्तर देऊ नका. प्रतीक्षा काळ ठरवताना सरासरी जनावर मर्यादेखाली आलं एवढं पुरत नाही. युरोपीय पद्धतीत ९५ टक्के जनावरं मर्यादेखाली असल्याची ९५ टक्के खात्री लागते, अमेरिकी पद्धतीत ९९ टक्के जनावरांची. त्यासाठी दुधाचे किंवा ऊतींचेच नमुने, पुरेशी जनावरं आणि त्या जनावराला दिलेला नेमका डोस लागतो. त्याला बाटलीवर छापलेला काळ दाखवा, डोस किंवा टोचण्याची जागा बदलली असेल तर तो काळ लागू होत नाही हे सांगा, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तारीख लिहून घ्यायला सांगा. द्राक्षाच्या फवारणीची वही तो ठेवतोच. गोठ्यासाठी तिच्यात चार रकाने पुरतात: जनावर, औषध, दिल्याची तारीख, दूध पुन्हा घालायची तारीख.